आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ बोलता केला

गुहागरच्या घरी माळ्यावर आजोबांचा रेडिओ सापडला. काकू म्हणाली, "लाव रे पिनेला, बघू बोलतो का." नाही लावला. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट २३० व्होल्टवर टाकायचा नसतो. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो.

बल्ब क्षणभर उजळून मंदावला, व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) लालसर झाले, पण स्पीकरमधून नुसतं घुंऽऽ. आवाजाचं बटण फिरवूनही ते कमी होईना, म्हणजे संशय पॉवर सप्लायवर. डीसीतली थरथर सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर वाळले होते. नवे टाकले, होते तेवढ्याच क्षमतेचे; ईझेड८० या रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा झेपत नाही. (पिन काढल्यावरही हे कंडेन्सर भरलेले राहतात, आधी रेझिस्टर लावून रिकामे करा. मी एकदा विसरलो, खांद्यापर्यंत झिणझिण्या.)

घुंघुं गेली, आवाज मात्र फाटका. खरी गंमत इथे होती. स्पीकर चालवणाऱ्या ईएल८४ व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल आत घेणारी जाळी) शून्याच्या आसपास हवं, तिथे मीटर ११ व्होल्ट दाखवी. आधीच्या टप्प्यातून येणारा कागदी कपलिंग कंडेन्सर गळत होता; त्याने फक्त सिग्नल पुढे सोडायचा, डीसी अडवायचा असतो. आपली खारी, दमट हवा कागदात मुरणारच! ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर बसवला.

बँड स्विचवरची हिरवी बुरशी स्प्रेने साफ केली. संध्याकाळी मिडियम वेव्हवर खरखरीतून गाणं आलं. काकू पडवीतूनच ओरडली, "जरा मोठा कर!"