पिस्तूल सुटल्यानंतरचा पहिला तास

नेमबाजीच्या रेंजवर सराव आणि सामने सुरक्षित पार पाडणाऱ्या रेंज ऑफिसरचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी लिहितेय. कमांड, सेफ्टी फ्लॅग, नळीची दिशा हे तुम्ही शिकूनच आलात, त्यात वेळ घालवत नाही. अपघात घडून गेल्यावर काय करायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी एका सराव सामन्यात ‘स्टॉप’ दिल्यावर एका लेनवर एअर पिस्तूल सुटलं. ४.५ मिमीचा छर्रा शेजारच्या पार्टिशनमध्ये रुतला. कुणाला लागलं नाही. या तीन शब्दांनीच माझा घात केला. त्या लेनवरच्या मुलीचे कोच, जे ती रेंजही चालवायचे, म्हणाले, “पोर घाबरलीय. आधी तिला सावरू, रिपोर्टचं उद्या बघू.” मलाही ते माणुसकीचं वाटलं. पिस्तूल पेटीत गेलं, पुढच्या रिलेसाठी, म्हणजे नेमबाजांच्या पुढच्या तुकडीसाठी, टार्गेटचे स्क्रीन कोरे झाले.

रिपोर्ट चौथ्या दिवशी लिहिला गेला आणि चौकशी केली त्याच कोचनी. निष्कर्ष एका ओळीत: नेमबाजाचा निष्काळजीपणा. मी ट्रिगर तपासला तेव्हा त्याने न सुटता ५०० ग्रॅमचं वजन व्यवस्थित उचललं, म्हणजे नियमात बसला. पण ट्रिगर हलका-जड करणाऱ्या स्क्रूची खाच ताजी चकाकत होती. तो कुणी फिरवला, घटनेआधी की नंतर? काहीच कळायला मार्ग नव्हता. कदाचित कुणी साध्या मनानेही फिरवला असेल. ती मुलगी एकच सांगत राहिली, “ताई, माझं बोट ट्रिगरवर नव्हतं.” तिचं खरं मानायला किंवा खोटं ठरवायला माझ्या हातात काही उरलं नव्हतं. दोन महिन्यांत तिने रेंजवर येणं सोडलं. अजून बोचतं ते.

म्हणून सांगते, उद्यावर टाकू नका. आधी सगळ्यांना फायरिंग लाइनपासून मागे घ्या आणि शस्त्र सुरक्षित करा, यात तडजोड नाही. हे करताना शस्त्र कुठल्या अवस्थेत सापडलं ते मोठ्याने बोला, म्हणजे दुसरा माणूस ऐकेल आणि लिहील. मग ते पिशवीत घालून दोघांच्या सह्यांनी सील करा. मालकाकडे द्यायचं नाही, कोचकडे तर नाहीच. ट्रिगरचं वजन स्क्रूला हात लागण्याआधी, सगळ्यांसमोर घ्या. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरच्या शॉट्सच्या वेळा उतरवून घ्या. शेवटचा नोंदलेला शॉट कधीचा, यावरून छर्रा केव्हा भरला असेल याचा अंदाज बांधता येतो. सीसीटीव्हीवर जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, तेही त्याच दिवशी मागा. दोन्ही बाजूंच्या नेमबाजांचे जबाब वेगवेगळे घ्या, ते आपसात बोलायच्या आत. मूल अल्पवयीन असेल तर पालकांना बसवून.

हे सगळं जपून ठेवायचं, पण निकाल द्यायचा नाही. त्या दिवशी ड्यूटीवर होतात म्हणजे तुम्ही साक्षीदार आहात. हे कळायला मला फार वेळ लागला. चौकशी त्या रेंजशी, त्या कोचशी लागेबांधे नसलेल्या माणसानेच करायला हवी. विमान अपघातांच्या तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम, परिशिष्ट १३, स्पष्ट म्हणतात की तपासाचा उद्देश पुढचे अपघात टाळणं, दोष वाटणं नव्हे. अमेरिकेत तर वैमानिकांकडून येणारी ‘थोडक्यात वाचलो’ची निवेदनं १९७६पासून नियामकाकडे न जाता नासाकडे जातात, कारण शिक्षा करणाऱ्याला माणूस खरं सांगायला कचरतो. आपल्या खेळात ही सवय लागायलाच हवी.

आणि ‘मानवी चूक’ असा तयार रकाना असलेल्या फॉर्मवर माझा विश्वास नाही. तो रकाना भरला की ट्रिगर, प्रकाश, कमांडचा आवाज यांकडे कुणी वळूनही बघत नाही. “इतकी वर्षं रेंजवर आहे, बघूनच सांगतो” म्हणणाऱ्या ज्येष्ठांचंही तसंच. त्यांचा अनुभव नेम शिकवताना घ्या.

पहिल्या वेळी हात कापतील, कोच नाराज होतील, कदाचित पुढच्या सामन्याला बोलावणंही येणार नाही. माझं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मात्र एका मुलाच्या वडिलांनी सील केलेल्या पिशवीवर स्वतः सही केली आणि माझ्याकडून नोंदीची प्रत मागून घेतली.