आम्लासाठी चारकोल घेताना

आम्लाचा रंग आणि वास काढायला चारकोल, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, वापरतात. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तो विकायला येणारा माणूस आधी आयोडीन नंबर, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो तो आकडा, सांगतो. हजार, अकराशे, आकडा मोठा तितका माल भारी, असा त्याचा हिशेब. लॅबमध्ये बसून मी विचारते, ‘राख किती? त्यात लोह किती?’

पाण्याला चालणारा कार्बन आम्लाला चालेलच असं नाही. त्याच्या राखेतलं, म्हणजे न जळणाऱ्या खनिजांतलं, लोह, कॅल्शियम आम्लात विरघळतं आणि थेट मालात उतरतं. सायट्रिक किंवा खाद्य ग्रेडचं फॉस्फोरिक करायचं असेल तर ॲसिड-वॉश, म्हणजे आम्लाने धुतलेला, ग्रेडच मागा. नुसत्या सर्टिफिकेटवर जाऊ नका. थोडा चारकोल सौम्य हायड्रोक्लोरिकमध्ये उकळा, गाळा, गार झाल्यावर अमोनियम थायोसायनेटचे थेंब टाका. शेजारी चारकोल न घातलेलं तेच आम्ल ठेवा. ते नितळ आणि हे लालभडक दिसलं, की गोण्या परत.

आता छिद्रं. नारळाच्या करवंटीच्या कार्बनची छिद्रं फार बारीक. वास आणि छोटे रेणू तो छान पकडतो. आंबवून केलेल्या सायट्रिकचा तपकिरी रंग मोठ्या रेणूंचा, त्याला लाकडाचा, मोठ्या छिद्रांचा कार्बन लागतो. आयोडीन नंबर बारीक छिद्रांचाच अंदाज देतो, म्हणून रंगासाठी मोलॅसिस नंबर, म्हणजे मळीचा रंग किती काढतो तो आकडा, विचारा.

व्यापारी हायड्रोक्लोरिकचा पिवळेपणा बहुतेकदा लोहाचा असतो. त्यावर कितीही चारकोल मारा, पैसे वाया. तिथे लोहाचे आयन पकडणारं आयन एक्स्चेंज रेझिन लागतं. नायट्रिकमध्ये मात्र चारकोल अजिबात टाकू नका, ते कार्बनशी भडकून रिॲक्शन करतं.

ट्रायल आपल्याच आम्लावर घ्या, प्लांटच्याच तीव्रतेला आणि तापमानाला. चार बीकरमध्ये ०.१, ०.२, ०.५ आणि १ टक्का चारकोल घाला, अर्धा-एक तास ढवळा, गाळा. ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग मोजा आणि लोह आधी-नंतर तपासा. गाळायला किती वेळ लागला तेही लिहा. फार बारीक पावडर रंग झटपट काढते, पण फिल्टर प्रेस चोक करते, मग रात्रपाळीचे शिव्या घालतात. प्रेसमधून पहिलं आम्ल काळपट येतंच. ते स्वच्छ होईपर्यंत टाकीत परत फिरवा.

भाव करताना किलोचा दर बाजूला ठेवा. एक टन आम्लाला किती चारकोल लागला त्यावर खर्च काढा, आणि ओलावा वजा करा. पावसाळ्यात फाटक्या गोणीतून आलेल्या मालात पाण्याचेही पैसे मोजले जातात.