स्वस्त घरांची वसाहत आखताय? आधी अंगण आखा
आधी एकदा नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधे पायी फिरून या, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात केलेली ही वसाहत. तिथे ७ घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण ८ बाय ८ मीटर, मग असे ३ गट मिळून २१ घरांचं अजून मोठं अंगण, म्हणजे रिपीट करायचं ते घर नाही, अंगण! आता सगळ्यात महत्त्वाचं, दोन घरांत कॉमन भिंत ठेवूच नका, म्हणजे उद्या पोराचं लग्न झालं की शेजाऱ्याची भिंत न हलवता खोली वाढवता येते. पावसासाठी उतरतं छप्पर, बसायला ओटा, तुळशीला जागा हे प्लॅनमधेच धरा. बांधकाम गावच्या गवंड्याला जमेल असंच हवं. रंग मात्र राहणाऱ्यांना ठरवू द्या, प्लीज.