मांडवावरच्या द्राक्षांचा सिरका

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या वाड्याच्या मागच्या अंगणात द्राक्षाचा जुना वेल आहे. मांडव गंजलाय, घड आखूड येतात, मणी बियांचे, जाड सालीचे आणि आंबट. घरात कुणी तोंड लावत नाही, बुलबुलांची मात्र चंगळ. सिरक्यासाठी मला हीच द्राक्षं हवी असतात. चोइथराम मंडीतली बिनबियांची लांबट द्राक्षं दिसतात छान, पण बुरशीनाशकाच्या फवारण्या खाऊन आलेली असतात आणि त्यांचा रस आपणहून फसफसायला फार रडवतो. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या अंगणात असा दुर्लक्षित वेल असेल तर यंदा घड पक्ष्यांच्या आधी उतरवा.

मणी धुऊ नका. सालीवर जो पांढुरका मेणचट थर असतो, यीस्ट त्यालाच चिकटलेलं असतं. सडके, फुटके, बुरशी धरलेले मणी मात्र एकूण एक काढा. देठं काढून मणी हातानं कुस्करा, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात दोन तृतीयांश भरा, वर फडकं बांधा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम नको. साखर, गूळ, पाकिटातलं यीस्ट यातलं काहीही लागत नाही.

दोन-तीन दिवसांत फसफस सुरू होते आणि चोथा वर तरंगतो. दिवसातून दोनदा लाकडी डावानं तो खाली दाबा, नाहीतर वरच्या वर बुरशी धरतो. एप्रिलच्या उन्हाळ्यात भांड्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. 35 अंशांच्या वर यीस्ट थकतं आणि रस अर्धवट गोड राहतो. आठ-दहा दिवसांत बुडबुडे थांबतात, जिभेला गोडी लागत नाही. मग गाळा, पण चोथा पिरगाळू नका, बियांचा कडवटपणा उतरतो. हाताशी आलेली ही कच्ची वाइन पिण्यासाठी नाही. पिण्याची वाइन मध्य प्रदेशात परवान्याशिवाय करता येत नाही. लगेच पुढच्या टप्प्याला लागा.

हा पुढचा टप्पा मला तीन वर्षं जमला नव्हता. सगळे सांगतात, ‘बरणीला झाकण लावून उन्हात ठेवा, आपोआप होतं.’ होत नाही. मद्याचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंना सतत हवा लागते, त्यामुळे झाकणबंद बरणीत ते गुदमरतात. पहिल्या वर्षी मी अरुंद तोंडाची बरणी गळ्यापर्यंत भरली होती. तीन आठवड्यांनी वर पांढरी, कोरडी, सुरकुतलेली साय आली. तिला मी सिरक्याची मदर, म्हणजे सिरका करणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा, समजले आणि आनंदानं सगळ्यांना दाखवली. ती निघाली रानटी यीस्टची साय. महिनाभरात मद्यही गेलं, आंबटपणाही गेला, मागे उरलं मचूळ पाणी.

मदर वेगळी दिसते. आधी पृष्ठभागावर धुरकट, ओलसर पापुद्रा धरतो, मग तो जाड, गुळगुळीत, अर्धपारदर्शक होतो. बोट लावलं तर निसटतो. हिरवे-काळे केसाळ ठिपके दिसले तर मात्र सगळं फेकून द्या, वरवर काढून वाचवू नका.

पांढरी साय येऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. मद्य 6-7 टक्क्यांवर आणा: चांगल्या पिकलेल्या द्राक्षांची कच्ची वाइन दोन वाट्या, तर उकळून गार केलेलं पाणी एक वाटी. नळाचं पाणी थेट ओतलंत तर त्यातलं क्लोरीन जिवाणूंच्या मुळावर येतं. मग त्यात एक चतुर्थांश जुना, न गाळलेला, जिवंत सिरका घाला. सुरुवातीपासून आम्ल असलं की नको ती साय पाय रोवत नाही. दुकानातला पांढरा सिंथेटिक सिरका इथे निरुपयोगी, त्यात जिवंत काहीच नसतं. पहिल्याच वर्षी जुना सिरका कुठून आणायचा? आधीपासून करणाऱ्या कुणाकडून वाटीभर मागून आणा.

पसरट, रुंद तोंडाचं भांडं निम्मंच भरा, दाट विणीचं कापड घट्ट बांधा (चिलटं विरळ फडक्यातून आत शिरतात) आणि माजघरात सावलीत ठेवून द्या. त्यानंतर हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी मी रोज भांडं हलवून बघत होते. प्रत्येक वेळी पापुद्रा बुडायचा आणि सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या वर्षी नेलपॉलिशसारखा वास आला, घाबरून मी चार लिटर मोरीत ओतले. आता माहीत आहे की तो वास बहुतेक वेळा आणखी महिनाभर थांबलं की आपोआप विरतो. त्या चार लिटरांची हळहळ अजून वाटते.

दोन-तीन महिन्यांत, म्हणजे आषाढाच्या सुमारास, वास नाकात झणकन शिरतो आणि मद्याचा मागमूस राहत नाही. बाजारातल्या आंबवून केलेल्या सिरक्यात किमान 3.75 टक्के ॲसिटिक आम्ल असावं लागतं. घरच्याचं प्रमाण मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून तो वर्षभराच्या लोणच्यात घालू नका. कांद्याच्या काचऱ्यांवर, कोशिंबिरीत वापरा.

झाला की लगेच गाळून बाटल्या काठोकाठ भरा आणि घट्ट बुचं लावा. उघडा राहिला तर तेच जिवाणू मद्य संपल्यावर आम्लही खातात आणि सिरका पुन्हा पाण्यावर येतो. मदर आणि भांडंभर सिरका वेगळा काढून फडक्याखाली ठेवा, अधूनमधून थोडी पातळ केलेली कच्ची वाइन कडेनं, पापुद्रा न बुडवता सोडा. पुढच्या चैत्रात तोच एक चतुर्थांश वाटा लागणार आहे.