थायरॉइडची तक्रार डॉक्टरांच्या कानावर अशी घाला

मी रक्ततपासणी केंद्रात नमुने घेते. दंडाला पट्टा बांधून शीर सापडेपर्यंत बायका बरंच बोलून जातात. त्यातलं एक वाक्य मला आता पाठ झालंय: "डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, मीच म्हटलं एकदा तपासून टाकू." थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीचे आजार बायकांना पुरुषांपेक्षा ५ ते ८ पट जास्त होतात, तरी टीएसएच ही त्याची रक्तचाचणी अनेकींना स्वतःहून मागावी लागते. (टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन; थायरॉइड मंदावला की ते वाढतं, जास्त चालला की कमी होतं.) ती मागायची कशी, ते सांगते.

जाण्याआधी एक कागद करा. त्यावर "फार थकवा येतो" एवढंच लिहू नका, कारण "थकवा कुणाला येत नाही?" हे उत्तर तयारच असतं. काय बदललं आणि कधीपासून, ते लिहा. पाळी पूर्वी चार दिवसांत आटपायची, आता आठवडाभर चालते आणि दोन तासांत पॅड बदलावं लागतं. खाणं तेच आहे, वजन मात्र वाढतंय. बाकीचे पंखा लावून बसतात तेव्हा मला थंडी वाजते. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालीत, आवाज घोगरा झालाय, पोट साफ होत नाही, रात्री बोटांना मुंग्या येतात. ही थायरॉइड मंदावल्याची लक्षणं. तो जास्त चालला तर उलटं होतं: बसल्या जागी धडधड, हातांना कंप, भरपूर खाऊनही वजन उतरणं. आई-बहिणीला थायरॉइड आहे का, तेही लिहा. कोलेस्टेरॉल वाढल्याचा जुना रिपोर्ट असेल तर तो वरच ठेवा. थायरॉइड मंद झाला की कोलेस्टेरॉल वाढतं, आणि कधी कधी नुसती त्याचीच गोळी चालू राहते.

एवढं सांगूनही "टेन्शन घेऊ नका" असंच ऐकायला मिळालं, तर शांतपणे विचारा: "थायरॉइड नाही, हे तपासून म्हणताय की अंदाजानं?" तरीही नकार आला तर म्हणा, "मी चाचणी मागितली होती आणि ती गरजेची वाटली नाही, एवढं केसपेपरवर लिहून द्या." लिहायची वेळ आली की पुष्कळदा चाचणीच लिहून मिळते.

सरसकट सगळ्यांची तपासणी करा, असं माझं म्हणणं नाही. लक्षणं नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करावी की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यगटानं २०१५ मध्ये म्हटलं होतं. ठीक आहे. पण ते लक्षणं नसलेल्यांबद्दल होतं. पाळीपासून केसांपर्यंत सगळं बिघडलेल्या बाईला त्याच तराजूत का तोलायचं? विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी १८७३ मध्ये या मंदावण्याचं वर्णन केलं ते बायकांमध्येच. शरीरच थायरॉइडवर हल्ला करतं त्या आजाराला ज्यांचं नाव आहे, त्या जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये ज्या चार रुग्णांबद्दल लिहिलं, त्या चारही बायकाच. हा आजार कुणाला होतो, हे तेव्हापासून समोर आहे.

बाळंतपणानंतर तर जास्तच सावध राहा. कितीतरी देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याचा थायरॉइड तपासतात, आणि ते उत्तमच आहे. आईचा मात्र कुणी बघत नाही. साधारण २० पैकी एका बाईला पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येते. आधी काही आठवडे धडधड आणि चिडचिड, मग एकदम गळून जाणं, रडू येणं. त्यावर "बाळ झोपू देत नसेल" किंवा "नैराश्य असेल" असं सांगून वाटेला लावतात. नैराश्य असेलही, त्याचे उपचार घ्याच. सोबत टीएसएच मागा.

आता आमच्या खुर्चीवरची गंमत. केस गळतात म्हणून बाई बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू करते, आणि काही यंत्रांवर तेच बायोटिन रिपोर्ट फिरवतं: टीएसएच खोटा कमी, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खोटा जास्त. म्हणजे मंद थायरॉइड ठीक दिसतो, नाहीतर ठीक असलेला जास्त चाललेला दिसतो. निदान दोन दिवस आधी ते बंद करा, डोस मोठा असेल तर किती दिवस आधी ते विचारा, आणि नमुना देताना सांगाच. आम्ही दरवेळी विचारतोच असं नाही. टीएसएच सकाळी जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळेला या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रक्त दिल्यावर घ्या.

"नॉर्मल आहे" एवढ्यावर परत येऊ नका, आकडा विचारा आणि रिपोर्टची प्रत जपून ठेवा. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आत असावा. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. ४ ते १० च्या मध्ये आला तर दोन-तीन महिन्यांनी फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४) आणि अँटी-टीपीओ (शरीरच थायरॉइडवर हल्ला करतंय का, ते दाखवणारी चाचणी) यांच्यासह पुन्हा तपासा. कधी तो आपोआप खाली येतो. १० च्या वर असेल तर बहुधा गोळी लागते. सगळंच ठीक आलं तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ बघायला सांगा. शेजारणीची गोळी मात्र घेऊ नका. जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात.

गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, खाण्याच्या आणि कॉफीच्या अर्धा-एक तास आधी. लोह आणि कॅल्शियम चार तास लांब ठेवा. गरोदरपणात नेमक्या याच दोन गोळ्या हातात पडतात. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. गोळी चालू असताना दिवस राहिले तर कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पहिल्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं आणि डोस बहुधा २५ ते ५० टक्के वाढवावा लागतो. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर दिवस राहिल्याचं कळेल त्या दिवशी किती गोळी घ्यायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.