विमानतळाच्या परवान्याचं काम: गावाकडच्या पोरापोरींसाठी

विमानतळावर नोकरी म्हटलं की आमच्याकडे दोनच पदं डोळ्यांसमोर येतात, पायलट नाहीतर एअर होस्टेस. सिव्हिल इंजिनिअरिंग करून मी विदर्भातल्या एका छोट्या विमानतळावर लागले, तेव्हा मोठ्या आईनं विचारलंच, "मंग तू इमानात कवा बसतं?" बसत नाही. आमचा विमानतळ विमान उतरवण्यालायक आहे, हे डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संचालनालयाला, आधी कागदावर आणि मग जमिनीवर दाखवून देणं, हे माझं काम. यात माणसं कमी आहेत, आणि गावाकडून येणाऱ्यांना ते जमतंही चांगलं, म्हणून लिहिते.

एअरक्राफ्ट रूल्स, 1937 मधला नियम 78 पाठ करून टाका. वेळापत्रकानुसार प्रवासी नेणारं विमान परवाना नसलेल्या विमानतळावर उतरूच शकत नाही. नुसत्या धावपट्टीनं भागत नाही. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला धावपट्टी कितीतरी वर्षांपासून होती. ती 1850 मीटर झाली, परवाना हाती आला, तेव्हा कुठे 16 एप्रिल 2025 ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली.

परवान्याच्या अर्जासोबत एरोड्रोम मॅन्युअल जोडावं लागतं. धावपट्टीची मापं, दिवे, पाहणी कोण कधी करणार, आग लागली तर कोण कुठून धावणार, सगळं त्यात. नव्या माणसाला वाटतं, जुन्या कुणाचं आणून नाव बदललं की झालं. निरीक्षक येतात ते तुमचंच मॅन्युअल हातात धरून फिरतात. पहाटेच्या पाहणीची नोंद लिहिली असेल तर रजिस्टर मागतात, आणि सही करणाऱ्यालाच समोर बोलावून विचारतात.

आता आपल्या काळ्या मातीचं. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना सपाट केलेला पट्टा असतो, त्याला रनवे स्ट्रिप म्हणतात. विमान घसरून बाहेर गेलं तर चाक अडकू नये, म्हणून स्ट्रिपची जमीन डांबराच्या काठाशी एकसारखी पातळीत पाहिजे. आपली माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. भरलेला मुरूम पहिल्याच झडीत बसतो आणि डांबराची कडा उघडी पडते. दिव्याच्या खालचा काँक्रीटचा ठोकळाही मग बोटभर वर आलेला दिसतो. गाडीतून जाताना यातलं काही कळत नाही. उतरून, वाकून, पट्टी लावूनच बघावं लागतं. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं हे वावरात वाढलेल्या माणसाला नकाशाआधी कळतं, याचा मला फार फायदा झाला.

दुसरा त्रास पाखरांचा. पाऊस पडला की गवतात किडे, किड्यांमागे टिटव्या, आणि टिटवी अंडी घालते ती उघड्या खडीतच. कुंपणाखालून रोही (नीलगाय), रानडुकरं शिरतात ती वेगळीच. विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापायला, कातडं सोलायला आणि कचरा टाकायला नियम 91 नं बंदी आहे. पण हे ग्रामपंचायतीत जाऊन समजावणार कोण? बहुतेक तुम्हीच. नोटीस पाठवून काही होत नाही. सरपंचांसोबत चहा घ्या, घारी कुठे घिरट्या घालतात ते दाखवा.

गावात मला हमखास ऐकावं लागतं, "मोठं विमान का नाही आणत?" अग्निशमनाची श्रेणी विमानाच्या लांबीवर आणि त्याच्या धडाच्या रुंदीवर ठरते. एटीआर 72 साधारण 27 मीटरचं, म्हणून श्रेणी 5. एअरबस ए 320 साडेसदतीस मीटरचं, म्हणजे श्रेणी 6. आग विझवायच्या नेहमीच्या बी दर्जाच्या फोमसाठी लागणारं पाणी 5400 लिटरवरून 7900 वर जातं, एका बंबाचे दोन होतात, त्यांच्यासाठी माणसंही लागतात. आणि धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला बंब तीन मिनिटांत पोचलाच पाहिजे. धावपट्टीच्या लांबीचा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. हे एवढं गणित सांगता आलं तरी मुलाखतीत तुमच्याकडे लक्ष जातं.

वाटा कोणत्या? एअरपोर्ट्स अथॉरिटीत ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअरपोर्ट ऑपरेशन्स: इंजिनिअरिंगची पदवी, किंवा बीएस्सीनंतर एमबीए. अग्निशमनाची आवड असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या दारातच आहे, तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. बारावीवाल्यांसाठी ज्युनिअर असिस्टंट, फायर सर्व्हिस हे पद असतं. "शंभर टक्के एअरपोर्ट जॉब" असे बोर्ड लावून लाखभर फी घेणाऱ्या क्लासपेक्षा डीजीसीएच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारं सीएआर, सेक्शन 4, म्हणजे विमानतळांसाठीची डीजीसीएची नियमावली वाचा. इंग्रजी रुक्ष आहे, पण महिनाभरात सवय होते.

आणि गाडीचं लायसन्स. ऑपरेशन्सला हलक्या वाहनाचं लागतं. फायरला जड वाहनाचं नसेल तर मध्यम किंवा हलक्याचं चालतं, पण ते ठरावीक काळ जुनं असावं लागतं. जाहिरात आल्यावर आरटीओत धावून उपयोग नाही, ते काम आधीच उरकून ठेवा.