डोक्यातला सोरायसिस: निदान या चुका तरी करू नका

अकरा वर्षं झाली, माझ्या डोक्यात सोरायसिस, म्हणजे कातडीवर खवले धरणारा आजार, आहे. सोलापुरात ओळखीतलं कुणी "कोंडा जातच नाही" म्हणालं, की मी आधी त्यांच्या कानामागं आणि कपाळाच्या कडेला बघते. कोंडा मऊ, तेलकट, सुटा असतो. सोरायसिसचे खवले जाड, कोरडे, चंदेरी; खालचा चट्टा लाल, सावळ्या कातडीवर जांभळट, आणि तो बऱ्याचदा केसांबाहेर कपाळावर उतरतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे खवले खरवडणं. ती मीही केली. गड्ड्याची यात्रा तोंडावर, जानेवारीची कोरडी थंडी, घरी पाहुणे येणार. काळ्या ब्लाउजवर भुगा दिसू नये म्हणून रात्री उवांची फणी घेऊन बसले. रक्त निघालं. दोन आठवड्यांत जिथं फणीचे ओरखडे, तिथंच नवे चट्टे! सोरायसिसवाल्याच्या कातडीला जखम झाली की आजार त्या जागी उगवू शकतो. डॉक्टर याला कोबनर म्हणतात. शिवाय कातडीची जी नवी पेशी वर यायला एरवी महिनाभर लागतो, ती इथं तीन-चार दिवसांत येते. खरवडलेली जागा परत खवल्यांनी भरणारच. आता मी डॉक्टरांनी दिलेलं सॅलिसिलिक ॲसिडचं औषध रात्री लावते आणि सकाळी कोमट पाण्यात बोटांच्या पेरांनी सुटेल तेवढंच सोडवते. पंधरा दिवस लागतात. लागू देत.

दुसरी चूक, मेडिकलमधून आपल्या मनानं स्टेरॉइडचं लोशन आणणं. नात्यातल्या एका मुलाचं डोकं चार दिवसांत स्वच्छ झालं, त्यानं बंद केलं. आजार जोरात उलटला, त्यानं पुन्हा लावलं. चार महिने हेच. कपाळाची कातडी पातळ झाली तेव्हा कुठं तो त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला. औषध वाईट नाही, घाई वाईट. सांगितले तेवढेच दिवस लावा, मग त्यांच्याच सल्ल्यानं कमी करा. स्टेरॉइडच्या गोळ्या तर अचानक तोडूच नका, अंगभर पुवाचे फोड येऊ शकतात.

लोशन केसांना नको. भांग पाडून कातडीला लावा.

टारचा (कोळशाच्या डांबराचा) औषधी शाम्पू लावून लगेच धुऊ नका, पाच-दहा मिनिटं राहू द्या.

केस गेले म्हणून टक्कल करू नका. बहुतेक वेळा ते परत येतात.

टॉवेलच्या या गावात एका बाईचा टॉवेल घरच्यांनी वेगळ्या खुंटीला टांगलेला मी पाहिला. हा आजार लागत नाही हो! एकाच खुंटीला टांगा.

आणि सकाळी बोटं आखडत असतील, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे असतील, तर डॉक्टरांना डोक्याबरोबर हातही दाखवा. हा आजार सांध्यांत उतरू शकतो, आणि झिजलेला सांधा पूर्वीसारखा होत नाही.